घर नावाची प्रयोगशाळा

१८७० सालच्या डिसेंबर महिन्यात बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्राध्यापकांपुढे एक अर्ज विचारार्थ आला. रसायनशास्त्र शिकण्याची इच्छा अर्जात व्यक्त केलेली होती आणि अर्जदाराच्या पात्रतेविषयी शंका घ्यावी असे काही नव्हते. अडचण एकच होती, अर्जदार स्त्री होती. संस्थेचे वर्ग सुरू होऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती आणि पदवीच्या अभ्यासासाठी तोवर एकाही स्त्रीला तेथे प्रवेश मिळालेला नव्हता. अखेर ‘विशेष विद्यार्थी’ म्हणून तिला घ्यावे, मात्र स्त्रियांचा असा प्रवेश हा तूर्त केवळ एक प्रयोग समजावा, असे ठरले. अध्यक्षांनी तिच्याकडून शिक्षणशुल्कही घेतले नाही. आपल्या गरिबीची कणव येऊन ही सवलत मिळाली, असे त्या तरुणीला वाटले. खरे कारण तिला पुढे कळले. विश्वस्तांपैकी किंवा विद्यार्थ्यांपैकी कोणी हरकत घेतलीच, तर ही आमची विद्यार्थिनीच नव्हे, असे सांगण्याची सोय संस्थेला हवी होती. हे आधी समजले असते तर आपण तेथे पाऊलही टाकले नसते, असे तिने नंतर नमूद करून ठेवले आहे.

ही तरुणी म्हणजे एलन स्वॅलो. विवाहानंतर त्या एलन स्वॅलो रिचर्ड्स या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. प्रयोग म्हणून आत घेतलेल्या या स्त्रीने पुढे चाळीस वर्षे त्याच संस्थेत काम केले. विहिरीचे पाणी, किराणा दुकानातील मसाले, भिंतीवरचा कागद, साबण, धुण्याचा सोडा, पाव आणि सूप हे त्यांच्या संशोधनाचे विषय होते. घरात रोज जे घडते ते शास्त्राच्या कसोटीवर तपासण्याजोगे आहे, हा विचार अमेरिकेत रुजविणाऱ्यांमध्ये त्यांचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. भारतातील महिला महाविद्यालयांत ‘गृहविज्ञान’ या नावाने जो विषय शिकविला गेला, त्याचे एक मूळ त्यांच्या कार्यापर्यंत जाऊन पोहोचते.

एलन यांचा जन्म ३ डिसेंबर १८४२ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील डन्स्टेबल या खेड्यात झाला. आई-वडील दोघेही शिक्षकी पेशातले आणि एलन हे त्यांचे एकुलते एक अपत्य. प्रकृती नाजूक असल्याने मुलीला मोकळ्या हवेत वाढवावे, असा सल्ला मिळाला होता. त्यामुळे शेतावरची कामे आणि घरीच आई-वडिलांकडून मिळणारे धडे, असे त्यांचे बालपण गेले. मुलीला चांगली शाळा मिळावी म्हणून १८५९ मध्ये कुटुंब वेस्टफर्ड या गावी आले. वडिलांनी तेथे दुकान काढले. शाळा सांभाळून एलन गल्ल्यावर बसत, हिशेब ठेवत आणि आईच्या आजारपणात घरही चालवत. गिऱ्हाईक काय मागते, का मागते आणि त्याच्या पदरात नेमके काय पडते, हे त्यांनी प्रयोगशाळा पाहण्याच्या कितीतरी आधी दुकानात पाहिले होते.

शाळेनंतर पुढे काय, या प्रश्नाला त्या काळातील मुलीपुढे फारशी उत्तरे नव्हती. एलन यांनी शिकवण्या केल्या, शाळेत शिकविले, इतरांच्या घरी स्वयंपाक आणि साफसफाईही केली. काही वर्षे तर अशी गेली, की शिक्षणाची आस सुटत नव्हती आणि मार्गही दिसत नव्हता. त्या निराशेने त्यांचे मन व शरीर दोन्ही खचले. अखेर ३०० डॉलर गाठीला जमले. स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी न्यूयॉर्क राज्यात निघालेले व्हॅसर कॉलेज १८६५ पासून सुरू झाले होते. १८६८ मध्ये एलन यांनी तेथे प्रवेश घेतला, तेव्हा त्या पंचविशी पूर्ण करून सव्विसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होत्या. धूमकेतूच्या शोधामुळे कीर्ती मिळालेल्या मारिया मिचेल तेथे खगोलशास्त्र शिकवीत. एलन यांना ताऱ्यांची ओढ वाटली, पण त्यांनी निवड केली ती रसायनशास्त्राची. ते शिकविणारे प्राध्यापक चार्ल्स फॅरर यांचा आग्रह असे, की विज्ञानाने रोजच्या जगण्यातले प्रश्न सोडविले पाहिजेत. हा आग्रह एलन यांनी आयुष्यभर सोडला नाही.

१८७० मध्ये पदवी हाती आल्यावर बोस्टनमधील एका व्यावसायिक रसायनतज्ज्ञांच्या पेढीकडे त्यांनी उमेदवारीसाठी विचारणा केली. तेथे उमेदवार घेत नसत, पण नव्या तंत्रसंस्थेकडे प्रयत्न करून पाहा, असे त्यांना सुचविण्यात आले. त्यातूनच डिसेंबरमधील तो निर्णय झाला आणि १८७१ च्या जानेवारीत एलन प्रयोगशाळेत दाखल झाल्या.

आपले पाऊल तेथे टिकले नाही तर मागून येणाऱ्या मुलींचे दार बंद होईल, याची त्यांना पुरती जाणीव होती. म्हणून कोणाच्या डोळ्यांवर न येता उपयोगी पडत राहण्याचे धोरण त्यांनी स्वीकारले. सुई-दोरा, टाचण्या, कात्री त्या जवळ ठेवीत. कोणा प्राध्यापकाचे काही उसवले, कोणाचे बोट कापले, की मंडळी त्यांच्याकडे येत. आजच्या वाचकाला ही तडजोड बोचेल. पण त्याच काळात एलन यांचे खरे काम परीक्षानळीत चालले होते. प्राध्यापक विल्यम निकोल्स यांच्याकडे राज्याच्या आरोग्य मंडळाने पाण्याच्या तपासणीचे काम सोपविले होते. निकोल्स स्त्रियांच्या उच्च शिक्षणाला अनुकूल नव्हते, तरीही पृथक्करणाची जबाबदारी त्यांनी एलन यांच्यावर टाकली आणि त्या कामाची अचूकता त्यांना मान्य करावी लागली. १८७१ मध्येच रेल्वेच्या अपघातात वडील गेले होते. आईची काळजी घेण्यासाठी वूस्टरला खेपा घालत एलन यांनी अभ्यास पुरा केला. १८७३ मध्ये त्या एमआयटीची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्याच वर्षी व्हॅसरने लोहखनिजातील व्हॅनेडियमविषयीच्या प्रबंधासाठी त्यांना एम.ए. दिली.

पुढील पायरी डॉक्टरेटची होती आणि तेथे मात्र दार उघडले नाही. रसायनशास्त्रातील संस्थेची पहिली डॉक्टरेट एका स्त्रीला जावी, हे विभागातील वरिष्ठांना रुचणारे नव्हते, असे त्यांचे पती रॉबर्ट यांनी पुढे लिहून ठेवले. रॉबर्ट हॅलोवेल रिचर्ड्स हे त्याच संस्थेतील खाणशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी विवाहाचा प्रस्ताव मांडला तोही रसायनशाळेतच. ४ जून १८७५ रोजी विवाह झाला आणि नवदांपत्य नोव्हा स्कोशियाला गेले ते रॉबर्ट यांच्या विद्यार्थ्यांसह, खाणी पाहण्यासाठी. खनिजांच्या अभ्यासात एलन यांनी पतीला मोलाची साथ दिली आणि १८७९ मध्ये अमेरिकन खाण अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. तेथेही त्या पहिल्याच स्त्री होत्या.

विवाहाने आलेल्या स्थैर्याचा उपयोग त्यांनी इतर स्त्रियांसाठी केला. बोस्टनमधील स्त्रीशिक्षण संघटनेच्या मदतीने १८७६ च्या नोव्हेंबरात एमआयटीमध्ये स्त्रियांची स्वतंत्र प्रयोगशाळा सुरू झाली. प्रमुख म्हणून प्राध्यापक जॉन ऑर्डवे यांचे नाव होते. रोजचा कारभार एलन यांच्याकडे होता. त्यांना वेतन नव्हते. उलट दरवर्षी सुमारे एक हजार डॉलर त्या स्वतः या कामासाठी देत. तेथे येणाऱ्यांत शाळांतील शिक्षिका मोठ्या संख्येने होत्या. ज्यांना घर सोडून येणे शक्य नव्हते, अशा स्त्रियांना टपालाद्वारे विज्ञान शिकविण्याचे कामही त्यांनी याच काळात हाती घेतले. दूरदूरच्या खेड्यांतून येणाऱ्या पत्रांत अभ्यासातील शंकांबरोबर घरच्या कुरबुरी, सततचे आजार आणि न संपणाऱ्या कामांचा शीणही उमटलेला असे. घर हा संशोधनाचा विषय व्हायला हवा, ही त्यांची धारणा या पत्रांनी अधिकच पक्की केली.

त्या काळच्या अमेरिकन शहरातील घराची स्थिती काय होती? पूर्वी शेतावर पिकणारे, घरी विणले जाणारे, चुलीवर आटवून साबण होणारे सारे आता बाजारातून पुड्यात व डब्यात बांधून येऊ लागले होते. त्या पुड्यात काय आहे, हे गृहिणीला ठाऊक नव्हते आणि ते सांगण्याचे बंधन दुकानदारावर नव्हते. राज्याच्या आरोग्य मंडळासाठी एलन यांनी १८७८-७९ मध्ये किराण्याच्या नमुन्यांची तपासणी केली. दालचिनीच्या पुडीत महोगनी लाकडाचा भुसा मिसळण्यापर्यंत भेसळीची मजल गेलेली होती. दिवाणखान्याला शोभा आणणाऱ्या हिरव्या कागदात आणि रंगीत कापडात आर्सेनिक सापडत असे. अन्न आणि औषधांतील भेसळीविरुद्ध मॅसॅच्युसेट्सने १८८२ मध्ये कायदा केला, त्यामागे अशा तपासण्यांचे बळ होते.

त्याच १८८२ मध्ये एलन यांचे स्वयंपाक आणि सफाई यांच्या रसायनशास्त्रावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. पिठातून पाव कसा फुगतो, उष्णतेने अन्नघटकांत काय बदल होतात, इथपासून ते कपडे धुताना मळ नेमका कशाने निघतो, इथपर्यंतची उकल त्यात होती. कपडे धुणे हे तेव्हा आठवड्यातील सर्वांत कष्टाचे काम होते. पाणी वाहून आणायचे, उकळायचे, तिखट अल्कलीत हात बुडवून कपडे घासायचे, पिळायचे, नीळ द्यायची, असा तो दिवसभराचा खटाटोप असे. साबण तेलकट मळाला पाण्यात कसा धरून ठेवतो. जड पाण्यात साबणाचा फेस न होता चोथा का होतो. धुण्याचा सोडा आधी घातला तर पाण्याचा जडपणा कमी होऊन साबण कसा वाचतो. सुती आणि लिननच्या कापडाला सोसणारी अल्कली लोकरीचा मात्र नाश का करते, ही सारी माहिती रसायनशास्त्राला होती. ती परसातल्या धुण्याच्या टबापर्यंत पोहोचलेली नव्हती, एवढेच. निळीचे उदाहरण बोलके आहे. नीळ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांपैकी एकात लोहाचा अंश असे. कपड्यात साबणाची अल्कली शिल्लक राहिली, की त्या निळीचे विघटन होई आणि पांढऱ्याशुभ्र कापडावर गंजाचे पिवळे डाग पडत. दोष मात्र धुणारणीच्या माथी येई. कारण समजले तर कपडे नीट खळबळून मग नीळ द्यावी, हे कोणी सांगावे लागत नाही.

बाजारातील महागड्या चूर्णांवर विसंबण्यापेक्षा गृहिणीने मोजक्या रसायनांच्या बाटल्या घरी ठेवाव्यात, त्यांचे गुणधर्म जाणून घ्यावेत आणि वस्तूंची साधी तपासणी स्वतः करावी, असा या पुस्तकाचा रोख होता. घरकामाला त्यांनी मायेचे वलय चढविले नाही आणि कमीही लेखले नाही. ज्या कामात बुद्धी लागते ते काम विचारपूर्वक शिकले पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह होता.

जमैका प्लेन या बोस्टनच्या उपनगरातील त्यांचे स्वतःचे घर या विचारांची परीक्षाभूमी बनले. धूळ धरून ठेवणारे जाड गालिचे गेले आणि उचलून झटकता येतील अशा सतरंज्या आल्या. जड पडद्यांच्या जागी खिडकीत झाडे आली. स्वयंपाकासाठी कोळशाऐवजी गॅस आला. खोल्यांतील हवा खेळती राहील, अशी योजना झाली. पाणी वरचेवर तपासले जाई. घरकामाला मदत करणाऱ्या विद्यार्थिनी तेथेच राहत आणि कोणत्या कामाला किती वेळ व किती खर्च लागतो, याची नोंद ठेवीत. या दांपत्याला मूल नव्हते. पण अभ्यासासाठी आलेल्या मुलींनी घर भरलेले असे.

१८८३ मध्ये एमआयटीने स्त्रियांना नियमित विद्यार्थिनी म्हणून स्वीकारले आणि स्वतंत्र प्रयोगशाळेचे प्रयोजन संपले. ज्या कामासाठी एलन यांनी सात वर्षे वेचली ते यशस्वी झाले होते आणि त्या यशानेच त्यांच्याकडे काम उरले नव्हते. पुढच्या वर्षी आरोग्यविषयक रसायनशास्त्राच्या अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. १८८७ पासून राज्यातील जलस्रोतांची जी पाहणी झाली, तिचे प्रयोगशाळेतील काम त्यांच्या देखरेखीखाली झाले. राज्यभरातून आलेल्या पाण्याच्या हजारो नमुन्यांचे पृथक्करण करताना त्यांना एक सूत्र गवसले. समुद्रालगतच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण स्वाभाविकच अधिक असते आणि जसजसे आत जावे तसतसे ते ठरावीक क्रमाने घटत जाते. प्रत्येक ठिकाणचे हे स्वाभाविक प्रमाण नकाशावर रेखाटले, तर ज्या विहिरीत ते त्याहून अधिक आढळेल तेथे सांडपाणी झिरपत असल्याचा संशय घेता येतो. ‘सामान्य क्लोरीन नकाशा’ या नावाने ओळखले जाणारे हे साधन सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात महत्त्वाचे ठरले. अमेरिकेतील पाण्याच्या शुद्धतेचे पहिले राज्यस्तरीय निकष याच पाहणीतून निघाले.

पाण्यात मिळालेले यश अन्नात मात्र मिळाले नाही. १८९० च्या जानेवारीत मेरी हिनमन एबल यांच्या सहकार्याने एलन यांनी बोस्टनच्या प्लेझंट स्ट्रीटवर ‘न्यू इंग्लंड किचन’ सुरू केले. कष्टकऱ्यांच्या मिळकतीचा मोठा भाग अन्नावर खर्च होतो, तरी पोषण पुरेसे मिळत नाही, या प्रश्नावरचा तो उपाय होता. मांसाचे स्वस्त तुकडे मंद आचेवर तासन्‌तास शिजवून केलेला रस्सा, वाटाण्याचे सूप, मक्याची लापशी असे पदार्थ तेथे रोज एकाच प्रतीचे आणि अल्प दरात मिळत. प्रत्येक पदार्थातील पोषणमूल्य मोजलेले होते. ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता ती आयर्लंड, इटली आणि पूर्व युरोपातून आलेली कुटुंबे मात्र फिरकेनात. त्यांना आपापल्या मसाल्याची, आपापल्या वासाची, आपल्या आईच्या हातची चव हवी होती. प्रथिने आणि स्निग्धांश यांचा हिशेब चोख होता. पण जेवणारा आपल्या गावाची आठवणही ताटात शोधत असतो, हे या हिशेबात कोठे नव्हते. शास्त्राच्या बळावर गरिबाला काय खावे हे सांगू पाहणाऱ्या सुशिक्षितांची ही मर्यादा होती आणि एलन त्याला अपवाद नव्हत्या.

त्यांनी या अपयशातून वेगळी वाट काढली. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात ‘रम्फर्ड किचन’ या नावाने त्यांनी ३० सेंटमध्ये जेवण दिले आणि त्यातील प्रथिने, स्निग्धांश, कर्बोदके व उष्मांक यांचे आकडे छापून ग्राहकाच्या हाती ठेवले. दोन महिन्यांत दहा हजार लोक तेथे जेवून गेले. आज वेष्टनावर छापलेला पोषणतक्ता पाहून वस्तू उचलणाऱ्या ग्राहकाला हे नवल वाटणार नाही. तेव्हा ते अपूर्व होते. १८९४ पासून बोस्टनमधील माध्यमिक शाळांना न्यू इंग्लंड किचनमधून दुपारचे जेवण जाऊ लागले आणि गरिबांनी नाकारलेले स्वयंपाकघर शालेय आहाराच्या प्रारंभीच्या प्रयोगांपैकी एक ठरले.

१८९९ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क राज्यातील लेक प्लॅसिड येथे, ग्रंथालयांच्या दशांश वर्गीकरणामुळे प्रसिद्ध असलेले मेलविल ड्यूई आणि त्यांच्या पत्नी ॲनी यांच्या निमंत्रणावरून अकरा जण जमले. घराविषयीच्या या नव्या शास्त्राला नाव काय द्यावे, इथपासून चर्चा झाली आणि ‘होम इकॉनॉमिक्स’ हे नाव स्वीकारण्यात आले. दहा वर्षे अशा परिषदा भरल्या आणि १९०८ च्या अखेरीस राष्ट्रीय संघटना उभी राहिली. एलन तिच्या पहिल्या अध्यक्षा होत्या. यथावकाश हा विषय सागर ओलांडून भारतातही आला. दिल्लीचे लेडी अर्विन कॉलेज १९३२ मध्ये सुरू झाले. पुढे बडोदे आणि मुंबईतही गृहविज्ञानाचे शिक्षण उभे राहिले.

या यशाला दुसरी बाजूही होती. गृहविज्ञानाचे विभाग निघताच रसायनशास्त्रात निपुण असलेल्या अनेक स्त्रियांना विद्यापीठांनी तिकडेच धाडले आणि रसायनशास्त्राचे मूळ विभाग पुरुषांसाठी मोकळे ठेवले. स्वयंपाकघरातून बाहेर पडण्यासाठी जी पायरी बांधली तिनेच पुन्हा स्वयंपाकघराकडे नेले, असा आक्षेप पुढच्या पिढीतील स्त्रीवादी अभ्यासकांनी घेतला. तो बिनबुडाचा नाही. त्याचबरोबर, ज्या काळात विज्ञानाच्या नोकऱ्या स्त्रियांना जवळजवळ बंद होत्या त्या काळात याच विभागांनी शेकडो जणींना प्रयोगशाळा, पगार आणि स्वतंत्र जीवन दिले, हेही तितकेच खरे.

एलन यांची दृष्टी मात्र घराच्या चार भिंतींत कधीच अडकली नव्हती. सजीव आणि त्यांचा परिसर यांच्या संबंधासाठी जर्मन भाषेत योजलेला ‘इकॉलॉजी’ हा शब्द त्यांनी १८९२ मध्ये माणसाच्या घराला आणि परिसराला लावून बोस्टनच्या श्रोत्यांपुढे मांडला. घरात येणारे पाणी नदीचे असते आणि घरातून जाणारे सांडपाणी पुन्हा नदीतच जाते, तेव्हा घर स्वच्छ ठेवायचे तर शहर स्वच्छ ठेवावे लागते, ही साखळी त्यांना स्पष्ट दिसत होती. वंशशुद्धीच्या कल्पनांचा बोलबाला वाढत असताना १९१० मध्ये लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी परिस्थिती सुधारण्यावर भर दिला. पुढच्या पिढ्यांची वाट न पाहता आज जगणाऱ्यांचे पाणी, हवा, अन्न आणि निवारा सुधारता येतो, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते.

त्याच वर्षी स्मिथ कॉलेजने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. एमआयटीत न मिळालेली उपाधी चार दशकांनी दुसरीकडून आली. ३० मार्च १९११ रोजी जमैका प्लेन येथील राहत्या घरी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ६८ वर्षे होते. १८८४ मध्ये त्यांना जे अध्यापकाचे पद मिळाले होते, तेच सत्तावीस वर्षांनंतरही त्यांच्या नावापुढे होते. प्राध्यापकपद त्यांना कधीच मिळाले नाही. पहिल्या पदवीला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९७३ मध्ये, एमआयटीने एक प्राध्यापकपद निर्माण केले. ते स्त्री प्राध्यापकांसाठी होते आणि त्याला नाव देण्यात आले एलन स्वॅलो रिचर्ड्स यांचे.